अंजन : मुरमाड टेकडीचं झाड आणि त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद

शेतकरी बंधूंनो, चैत्र-वैशाखात एकदा आपल्या बागलाणच्या टेकड्यांकडे नीट बघा. खाली आरम आणि मोसमच्या काठाला डाळिंब असतं, कांद्याच्या चाळी भरलेल्या असतात, विहिरीला पाणी असेल तिथं थोडंफार हिरवं दिसतं. पण नजर वर नेली की सगळं उघडं. मुरूम, दगड, जळालेलं गवत, मधूनच एखादी सालई नाहीतर बोरीचं झुडूप. दर पावसाळ्यात याच टेकड्यांवर खड्डे खणले जातात, रोपं लावली जातात, पाटी उभी राहते. पुढच्या होळीपर्यंत पाटी तेवढी शिल्लक असते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बरडावर झाड जगत नाही, हे आपल्याला आजोबांपासून माहीत आहे. खरं सांगायचं तर हे अर्धंच बरोबर आहे. बरडावर कोणतंही झाड जगत नाही असं नाही. आपण लावतो ते झाड जगत नाही. बरडासाठीच घडवलेलं म्हणावं असं एक झाड आपल्याच मुलखात आहे. नांदगाव-मालेगावकडच्या कोरड्या टेकड्यांपासून खानदेशापर्यंत आणि पुढं सातपुड्यापर्यंत ते पूर्वापार वाढत आलं आहे. त्याचं नाव अंजन. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

नाव एक, धनी तीन

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे, नाहीतर रोपवाटिकेत मागाल एक आणि मिळेल दुसरंच. आपल्याकडे ‘अंजन’ नावाच्या तीन वनस्पती आहेत.

पहिलं म्हणजे अंजन गवत. कोरडवाहू कुरणात पेरायचं, गुरं आवडीनं खातात ते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या चारा पिकांच्या माहितीत हे नाव तुम्ही वाचलं असेल. ते गवत आहे, झाड नव्हे.

दुसरी सह्याद्रीच्या घाटातली अंजनी किंवा अंजन. भरपूर पावसाच्या भागातलं हे लहान झाड. फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात तेव्हा फार देखणं दिसतं. त्याचा आणि आपल्या बरडाचा संबंध नाही.

तिसरा आपला अंजन वृक्ष. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. कंपनी सरकारच्या काळात विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला हे नाव दिलं. हार्डविक नावाचे लष्करी अधिकारी निसर्गाचे अभ्यासक होते, त्यांच्यावरून हार्डविकिया. बायनाटा म्हणजे जोडीचं. ही जोडी कसली, ते आता बघू.

ओळख कशी पटवायची?

अंजनाचं पान एकदा बघितलं की विसरत नाही. एका देठाच्या टोकाला दोनच पर्णिका, समोरासमोर, बुडाशी टेकलेल्या. फुलपाखरानं पंख उघडून बसावं तशी. रंग किंचित राखाडी झाक असलेला हिरवा. कोवळी पालवी मात्र तांबूस. दोन पर्णिकांच्या मध्ये बारीक केसासारखं टोक असतं, ते नीट बघितलं तरच दिसतं.

इथं एक गफलत होते. दसऱ्याला आपण ‘सोनं’ म्हणून लुटतो तो आपटाही जोडपानासारखाच दिसतो. फरक सोपा आहे. आपट्याचं पान एकच असतं, टोकाकडून दुभंगलेलं आणि मध्ये जोडलेलं. दुमडलं तर वहीच्या पानासारखं मिटतं. अंजनाच्या दोन पर्णिका पहिल्यापासून वेगळ्या असतात. एक तोडली तर दुसरी देठाला तशीच राहते. पोरांना एकदा दोन्ही पानं हातात द्या, ती चुकणार नाहीत.

फुलं पावसाळ्यात येतात. पिवळसर हिरवी, इतकी बारीक की झाडाखालून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. या फुलाला पाकळ्या नसतात. जे पाकळ्यांसारखं दिसतं ती निदलं, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. शेंग मात्र लक्षात राहते. चपटी, पातळ, बोटभर लांब आणि शेंगेच्या टोकाला एकच बी. बाकीची सगळी शेंग म्हणजे पंख. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमाराला शेंगा वाळतात आणि वाऱ्याच्या झोतावर गरगरत दूर जाऊन पडतात. मृगाचा पाऊस पडायच्या आत बी जमिनीवर पोचलेलं असतं.

पानगळ होते, पण थोडे दिवस. उन्हाळ्याच्या तोंडाला झाड उघडं पडतं आणि बाकीचं रान करपलेलं असतानाच नवी पालवी फुटते. कडबा संपत आलेला असतो नेमकी तेव्हा.

साल करड्या रंगाची, जुन्या झाडाची भेगाळ आणि खडबडीत. तरणं झाड सडपातळ, शेंड्याकडं निमुळतं, फांद्यांची टोकं खाली झुकलेली. चांगली जागा मिळाली तर झाड ऐंशी-नव्वद फुटांवर जातं. मुरमाड टेकडीवर तेच झाड वीस-पंचवीस फुटांवर थांबतं. पण उभं राहतं, हे महत्त्वाचं.

मूळ आधी, शेंडा मग

हे झाड बरडावर कसं जगतं, त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. बी रुजलं की अंजन आधी खालचं घर बांधतो. पहिल्या पावसाळ्यात वर वीतभरसुद्धा वाढ दिसत नाही, आणि खाली सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेलं असतं. मुरमातून, खडकाच्या फटीतून वाट काढत ते ओलीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात वरचा कोंब वाळूनही जातो. आपण म्हणतो, रोप मेलं. पण मुळात जीव असतो. पुढच्या पावसात पुन्हा फूट येते, पुन्हा वाळते. अशी काही वर्षं झाड केवळ मुळाची भर करत असतं. मूळ पक्कं झालं की मग शेंडा वर सरकायला लागतो.

आता विचार करा. लागवडीनंतर दुसऱ्या वर्षी तपासणीला आलेला अधिकारी काय बघतो? जिवंत रोपांची टक्केवारी. त्या दिवशी अंजनाचा कोंब वाळलेला असेल तर तो ‘मृत’ म्हणून नोंदला जातो, आणि मग कुणीतरी ठरवतं की ही जात इथं चालत नाही. म्हणूनच झाडाचा स्वभाव कागद भरणाऱ्यालाही माहीत असायला हवा.

जागेच्या बाबतीत अंजनाची पसंती स्पष्ट आहे. साधारण ४०० ते ९०० मिलिमीटर पावसाचा, कडक उन्हाळ्याचा प्रदेश. जमीन हलकी, मुरमाड, खडकाळ, पाण्याचा निचरा होणारी. काळ्या भारी जमिनीत, जिथं पाणी साचून राहतं, तिथं त्याला बरं वाटत नाही. कडाक्याचं धुकं-हिव लहान रोपांना सोसत नाही आणि वणवा तर मुळीच नाही. म्हणजे बागलाणचा विचार केला तर साल्हेर-मुल्हेरकडचा जास्त पावसाचा पश्चिम भाग त्याचा नव्हे. पूर्वेकडं, पावसाच्या छायेत असलेल्या उतारांवर, गायरानात, पडीक मुरमाडात त्याची जागा.

आफ्रिकेतला भाऊबंद

आता थोडं दूर जाऊ. दक्षिण आफ्रिका खंडात, झांबेझी आणि लिंपोपो नद्यांच्या उष्ण खोऱ्यांत मोपेन नावाचं झाड आहे. झिंबाब्वे, बोट्सवाना, नामिबिया, अंगोला, झांबिया, मोझांबिक अशा अनेक देशांत त्याची मैलोन् मैल रानं आहेत. त्याचं पान बघितलं तर तुम्ही म्हणाल, हा आपला अंजनच! तीच दोन पर्णिकांची जोडी, तोच फुलपाखरू आकार. तिथल्या शोना भाषेत मोपेन म्हणजे फुलपाखरूच, असं सांगतात.

हे नुसतं दिसण्याचं साम्य नाही. दोन्ही झाडं शेंगवर्गातल्या एकाच उपकुळातली. या उपकुळाचा मोठा गोतावळा आफ्रिकेत आहे. अंगोलापासून टांझानिया-मोझांबिकपर्यंत पसरलेली, ‘मिओम्बो’ म्हणून ओळखली जाणारी प्रचंड वनं याच गोतावळ्यातल्या झाडांची आहेत. आपल्या ओळखीची चिंचही त्यातलीच, आणि चिंचेचं मूळ घरही आफ्रिकाच मानतात. सीतेचा अशोकही याच उपकुळात मोडतो. मोपेन आणि अंजन तर इतके जवळचे की १९९७ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघांना एकाच प्रजातीत बसवलं आणि मोपेनला ‘हार्डविकिया’ हे अंजनाचं आडनाव दिलं. पुढं बहुतेकांनी मोपेनचं जुनं आडनाव कायम ठेवलं. पण भाऊबंदकी कुणी नाकारली नाही.

स्वभावातले काही फरक मात्र ध्यानात घेण्यासारखे आहेत. मोपेन खोऱ्यातल्या चिकण, खारवट, निचरा नसलेल्या जमिनीतही तग धरतो. अंजनाला ते जमत नाही. मोपेनच्या बियांवर चिकट राळेचे ठिपके असतात; अंजनाचं बी वाऱ्यावर स्वार होतं. ऐन दुपारी ऊन भाजायला लागलं की मोपेन आपल्या दोन्ही पर्णिका एकमेकींकडं मिटवून घेतो, म्हणजे उन्हाला पानाची धार तेवढी दिसते. त्यामुळं भर दुपारी मोपेनच्या रानात सावलीही धड मिळत नाही!

तिथली माणसं या झाडावर कशी जगतात, तेही ऐका. मोपेनचा पाला गुरं-शेळ्या खातात, आणि वाळून खाली पडलेली पानंही कोरड्या दिवसांत जनावरांना तगवून धरतात. हत्ती तर फांद्याच्या फांद्या ओरबाडतात. या पाल्यावर एका मोठ्या पतंगाच्या अळ्या वाढतात. बायाबापड्या त्या वेचतात, आतडी काढून मिठाच्या पाण्यात उकळतात, उन्हात वाळवतात आणि बाजारात विकतात. आपल्याला ऐकायला कसंसंच वाटेल, पण तिथं हा प्रथिनांचा मोठा आधार आहे आणि गरीब घराला रोख पैसाही. लाकूड जड, वाळवीला दाद न देणारं. म्हणून घराचे खांब, कुंपण आणि कोळसा यांसाठी कुऱ्हाड चालते. अळ्या कोशात जायच्या आत सगळ्याच वेचल्या तर पुढच्या हंगामात पतंग यायचे कुठून, आणि झाडच गेलं तर अळी तरी कुठं राहायची? हा प्रश्न तिथल्या गावांपुढं आहे. आपल्यापुढचा प्रश्न काही फार वेगळा नाही.

गंमत म्हणजे हा भाऊबंद भारतातही येऊन राहिला आहे. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेनं, म्हणजे ज्याला ‘काझरी’ म्हणतात तिनं, मोपेन आणून राजस्थानच्या कोरड्या भागात लावून बघितला आणि तो तिथं रुळला. त्याच संस्थेनं अंजन वृक्ष आणि अंजन गवत यांची एकत्र लागवड करून चारा-कुरणाचे प्रयोग केले. झाशीच्या भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेतही अंजनावर असंच काम झालं आहे. वर झाडाचा पाला, खाली गवत, अशी ही दुहेरी शेती. राजस्थानानं आफ्रिकेतून भाऊ आणला, आणि आपल्या दाराशी उभा असलेला सख्खा आपल्याला दिसत नाही, असं होऊ नये.

शेंगवर्गी, पण गाठीविना

एक गैरसमज दूर करतो. शेंगवर्गी झाड म्हटलं की आपण धरून चालतो, मुळांवर गाठी असणार आणि जमिनीला नत्र मिळणार. हरभरा, तूर, भुईमूग यांचं तसं आहे. बाभूळही तसं करते. पण अंजनाच्या उपकुळातल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर अशा गाठी सहसा येत नाहीत. मोपेनच्या नाहीत, चिंचेच्याही नाहीत. ही झाडं मुळांशी सोबत करणाऱ्या बुरशीच्या मदतीनं हलक्या जमिनीतलं अन्न उचलतात. तेव्हा ‘अंजन लावा, युरिया वाचवा’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. जमिनीला फायदा होतो तो वेगळ्या वाटेनं : पाला पडतो, कुजतो, मूळ माती धरून ठेवतं, उतारावरचं पाणी थबकतं.

पाला, लाकूड, वाख

उपयोगाकडं येऊ. पहिला पाला. हिरवा आणि वाळवलेला, दोन्ही जनावरांना चालतो. खानदेशात अंजनाच्या फांद्या छाटून गुरांना घालण्याची रीत जुनी आहे. वर्षानुवर्षं शेंडे छाटून बुटकी, जाड बुंध्याची झालेली झाडं अजून दिसतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्याजवळ आहेत त्यांना विचारा, जनावराच्या तोंडाशी पाला धरता येणं म्हणजे काय असतं. नुसत्या झाडपाल्यावर जनावर ठेवू नये, कडब्यात-गवतात मिसळून घालावा. पण कडबा मिळेनासा होतो तेव्हा हा पाला दावणीला आधार देतो.

दुसरं लाकूड. आपल्या देशातल्या अत्यंत कठीण आणि जड लाकडांत अंजनाची गणना होते. पक्कं लाकूड पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, बुडतं. रंग गडद तांबूस, त्यावर जांभळट रेघा. सुताराला विचाराल तर तो वैतागून सांगेल, हत्याराची धार जाते. पण औताचे भाग, गाडीचं सामान, खांब, मेढी, विहिरीवरचं काम यांत एकदा बसवलं की पिढी काढतं.

तिसरी साल. अंजनाच्या सालीचा वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. नायलॉनच्या दोरखंडाच्या जमान्यात याचं महत्त्व उरलं नाही, आणि झाडाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. कारण साल सोललेलं झाड उभं राहत नाही.

मग हे झाड जातं कुठं?

इतकं चिवट झाड, तर ते कमी का होतं? कारणं तीन आहेत आणि तिन्ही आपल्या हातातली आहेत.

पहिलं, बी. अंजनाला दरवर्षी सारखं बी येत नाही. तीन-चार-पाच वर्षांतून एखादं भरघोस बियांचं वर्ष येतं. त्या वर्षीचं बी वाया गेलं की पुढची संधी यायला पुन्हा तितकी वर्षं जातात. आणि बी घरात ठेवून जुनं करता येत नाही. वर्षभरात त्याची उगवण घसरते, किडेही पोखरतात.

दुसरं, वणवा. नवं गवत चांगलं येतं म्हणून होळीच्या आसपास डोंगर पेटवायची खोड अजून गेलेली नाही. त्या आगीत दोन-तीन वर्षं मूळ वाढवत बसलेली लहान रोपं भाजून निघतात. मोठं झाड वाचतं, पोर मरतं. टेकडीवर सगळी म्हातारी झाडं दिसली आणि एकही तरणं दिसलं नाही तर समजा, हेच झालं आहे.

तिसरं, चराई आणि अघोरी छाटणी. शेळीला अंजनाचा कोवळा कोंब गोड लागतो. रोप शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत त्याला राखण लागते. शेळीला दोष देऊन उपयोग नाही. ती गरिबाची गाय आहे, तिलाही खायला हवं. पण सगळी टेकडी एकाच वेळी तिच्यापुढं ठेवली तर टेकडीही जाते आणि पुढं शेळीही.

आणि तोडीबद्दल. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, मोह, आंबा, चिंच यांच्याबरोबर अंजनाचंही नाव आहे. म्हणजे झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असलं तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. व्यापारी बांधावर येऊन ‘जळाऊ लाकूड आहे, कागद लागत नाही’ असं म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका. आधी वन खात्याच्या कचेरीत विचारा. सात-बारा तुमचा आहे, नोटीसही तुमच्याच नावानं येईल.

लावायचं तर असं

आता कामाचं बोलू.

बी : एप्रिल-मेमध्ये शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की झाडाखाली स्वच्छ कापड पसरून फांद्या हलवाव्यात. भोक पडलेल्या, फोपशा शेंगा बाजूला काढाव्यात. हे बी त्याच पावसाळ्यात वापरावं. फार मोठी प्रक्रिया लागत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं तरी पुरतं.

पेरणी : अंजनाला जागच्या जागी बी पेरणं सगळ्यात मानवतं. उताराला आडवे समतल चर काढावेत. चराच्या भरावावर, पहिला चांगला पाऊस होऊन मुरूम ओला झाला की, एका ठिकाणी तीन-चार बिया एक-दीड इंच खोल टाकाव्यात. पुढं त्यातलं जोमदार एक ठेवावं.

रोप : पिशवीतलं रोपच लावायचं असेल तर पिशवी उंच घ्या. नेहमीच्या आखूड पिशवीत सोटमूळ बुडाशी जाऊन गोल फिरतं. असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही आणि रोप दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात बसतं. वर्षभर पिशवीत ठेवलेलं ‘मोठं’ रोप दिसायला छान, पण अंजनाच्या बाबतीत तेच धोक्याचं. लहान असताना, मूळ बुडाला टेकायच्या आत, भर पावसात लावून टाकावं.

राखण : पहिली पाच वर्षं जनावर आणि आग, दोन्ही बाहेर. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण चालेल. गवत मात्र वाया घालवू नका. विळ्यानं कापून न्या. गवत कापलं गेलं की वणव्याचं जळणही कमी होतं. टेकडीभोवती दहा-बारा फुटांचा जाळपट्टा साफ ठेवा. कोंब वाळला म्हणून रोप उपटू नका. दोन पावसाळे वाट बघा.

छाटणी : झाड अंगानं चांगलं भरेपर्यंत पाल्याला हात लावू नये. नंतरही शेंड्याकडचा तिसरा हिस्सा तसाच ठेवावा, आणि दरवर्षी तेच झाड न छाटता आळीपाळीनं घ्यावं. बियांच्या वर्षी चांगली झाडं मुद्दाम सोडून द्यावीत. फांदी धारदार कोयत्यानं, बुंध्याला इजा न करता तोडावी. ओढून सोलपटू नये.

कुठं लावू नये, तेही सांगतो. बागायती काळ्या रानात नको. डाळिंबाच्या बांधाला लगट करून नको. चार वर्षांत पैसा हवा असेल त्यानं तर मुळीच नको. पोटच्या पोरासाठी नव्हे, नातवासाठी लावायचं हे झाड आहे. ज्याला लवकर पाला हवा त्यानं सुबाभूळ, शेवरी बांधावर लावावी आणि अंजन टेकडीवर. दोघांची गल्लत करू नये.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळी, आता तुमची हुद्द्यांची नावं बदलली. ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी. नाव बदललं तरी गायरान तेच आहे आणि टेकडीही तीच. योजना कोणतीही असो, लागवडीचा आराखडा तुमच्या टेबलावरूनच जातो. त्यात तीन गोष्टी करता येतील.

एक : गावच्या शिवारात अंजनाची जुनी झाडं कुठं आहेत त्याची साधी यादी करा. गट नंबर, झाडांची संख्या, बी येतं का, एवढं पुरे. शाळेची पोरं एका रविवारी हे काम करतील. ही झाडं म्हणजे तुमची बियाण्याची कोठी.

दोन : रोपवाटिकेला मागणी पावसाळ्याच्या तोंडावर न करता आधीच्या उन्हाळ्यात कळवा, आणि ‘अंजन वृक्ष’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर गवताचं बी येईल.

तीन : सगळी टेकडी एकदम बंद करू नका. चार हिस्से करा, एक हिस्सा पाच वर्षं राखा, तीन चराईला मोकळे ठेवा, मग पुढचा हिस्सा घ्या. शेळीवाल्याला ग्रामसभेत बोलावून त्याच्यासमोर हद्द ठरवा. त्याच्या पाठीमागं ठरवलेली चराईबंदी एक पावसाळाही टिकत नाही. राखलेल्या हिश्शातलं कापणीचं गवत पहिल्यांदा त्याला द्या. मग तोच राखणदार होतो.

सटाण्याला आरमच्या काठी देवमामलेदारांचं देऊळ आहे. यशवंतराव महाराज इथं मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी माणसांसाठी उघडला, म्हणून लोकांनी एका सरकारी अधिकाऱ्याला देवपण दिलं. दर वर्षी मार्गशीर्षात आपण त्यांची यात्रा भरवतो. खजिना उघडायची वेळ दुष्काळात येते, पण तो भरून ठेवावा लागतो सुकाळात. टेकडीवरचं अंजनाचं रान हा असाच खजिना आहे. ज्या वर्षी पाऊस बरा असतो, कडबा पुरतो, कुणाला पाल्याची आठवण होत नाही, त्याच वर्षी बी पेरावं लागतं आणि कुंपण घालावं लागतं.

तेव्हा बंधूंनो, येत्या उन्हाळ्यात नांदगाव-मालेगावकडं किंवा धुळ्याकडं जाणं झालं तर रस्त्याकडेच्या टेकडीवर नजर ठेवा. करपलेल्या रानात तांबूस-हिरव्या जोडपानांचं एखादं झाड दिसलं तर गाडी थांबवा. खाली वाळलेल्या शेंगा पडल्या असतील. धोतराच्या सोग्यात नाहीतर रुमालात पसाभर बांधून आणा आणि मृगाच्या पहिल्या ओलीवर आपल्या मुरमाडात टाका. पैसा लागत नाही, अर्ज लागत नाही. पाच वर्षं शेळीच्या तोंडापासून आणि काडीच्या ठिणगीपासून तेवढं सांभाळा. पुढचं त्याचं तो बघतो.